लातूरच्या ट्युशन एरियातली काकूंची मेस, वर्षभर जेवून मग लिहितेय

नीट, म्हणजे मेडिकलची प्रवेश परीक्षा, रिपीट करायला लातूरला येणाऱ्यांसाठी लिहितेय, त्यातही मुलींसाठी. क्लास कुठला, टेस्ट सिरीज कुठली याची चौकशी घरचे सहा महिने आधीपासून करतात आणि मेस मात्र रूमच्या जवळ जी दिसेल ती लावून मोकळे होतात. पहिल्या वर्षी माझंही तेच झालं, हॉस्टेलच्या मेसमध्ये रात्री साडेआठला गेलं की भाजी संपलेली, मग रूमवर मॅगी नाहीतर चहा बिस्किट, आणि डिसेंबरात दोन जिने चढले तरी धाप लागायला लागली. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन 8.6. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि जेवणाबरोबरचा चहा बंद करायला सांगितला, कारण चहामुळे जेवणातलं लोह पुरेसं अंगी लागत नाही.

दुसऱ्या वर्षी मैत्रिणीनं या मेसमध्ये नेलं. घरगुतीच आहे, खाली हॉल, वर काकू राहतात. ज्वारीची भाकरी रोज असते, पालेभाजी आठवड्यातून चारदा, शेंगदाण्याची चटणी पाहिजे तेवढी. रात्री दहापर्यंत ताट मिळतं, आणि लेट बॅचवाल्यांची भाजी वेगळी काढून ठेवलेली असते म्हणजे असतेच.

पण मला खरं आवडलं ते रविवारचं. सगळ्या मेसमध्ये रविवारी दुपारी फीस्ट आणि रात्री बंद. आमच्या फुल टेस्ट रविवारी 2 ते 5, नीटची वेळ तीच ना, आणि श्रीखंड पुरी खाऊन बसलं की फिजिक्सला डोळे मिटायला लागायचे. एकीनं काकूंना हे बोलून दाखवलं तर पुढच्याच रविवारी त्यांनी फीस्ट रात्री केली आणि दुपारी साधं वरणभात, भाजी, ताक, तेही साडेअकराला. तेव्हापासून तसंच चालू आहे. रविवारची रात्रीची सुट्टी त्यांनी आमच्यासाठी सोडली. पेपरच्या दिवशी, 4 मे 2025 ला, दीडला गेट बंद होणार म्हणून त्यांनी दहालाच ताटं लावली, आणि त्या दिवशी फिजिक्स एवढं अवघड आलं तरी पोटाची काळजी तरी डोक्यात नव्हती.

अजून एक. मेनूच्या फळ्याखाली त्यांनी 14416 लिहून ठेवलंय, टेलिमानसचा नंबर, मनावर ताण आला की बोलायची हेल्पलाइन, सरकारी आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. मार्चमध्ये माझे मॉक टेस्टचे मार्क 540 वरून 470 वर आले आणि मी दोन दिवस जेवायलाच गेले नाही. इतर ठिकाणी खाडा मांडून विषय संपला असता. काकूंनी मैत्रिणीच्या हातानं डबा पाठवला आणि तिसऱ्या दिवशी स्वतः रूमवर आल्या, "का गं, बरं नाही का" एवढंच विचारलं आणि बसून राहिल्या. त्या रात्री मी त्या नंबरवर फोन केला. पलीकडच्या ताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि मग झोप किती होते ते विचारलं, मी साडेचार तास म्हणाले तेव्हा माझं मलाच ऐकू आलं. दुसऱ्या दिवसापासून अकराला पुस्तक बंद करायला लागले.

तक्रारी पण आहेत. भाजी तिखट असते, विदर्भातल्या मुलींना चालते पण पुण्याकडच्या एकीला महिनाभर ताकावरच काढावं लागलं. उन्हाळ्यात हॉलमध्ये उकडतं, पंखे दोनच. नाश्ता मिळत नाही, तो बाहेर बघावा लागतो. दोन वेळचे महिन्याला 3000 देत होते, आसपासच्यांपेक्षा थोडे जास्तच.

काकू साठच्या वर मुली घेत नाहीत, त्यामुळे बॅच सुरू झाल्यावर गेलात तर जागा मिळायची नाही. आधी एक दिवस नुसतं जेवून बघा, पैसे द्या आणि चहा मात्र जेवणानंतर तासाभरानं प्या.