मिड २०१२ चा मॅकबुक प्रो, वणीच्या (यवतमाळ जिल्हा) पट्ट्यात नऊ महिने: सुरू होत नाही तेव्हा आधी केबल बघा

मशीन: १३ इंची मॅकबुक प्रो, मिड २०१२, मॉडेल ए१२७८. अडीच गिगाहर्ट्झचा आय-फाइव्ह, मूळच्या ४ जीबी रॅमच्या जागी ८ जीबी, मूळच्या ५०० जीबी फिरत्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी, सिस्टीम कॅटालिना. वापर ऑक्टोबर ते जून. काम लग्नाचे अल्बम, पत्रिका आणि थोडं व्हिडिओ एडिटिंग. खोली टिनाच्या छपराची, रस्त्यापलीकडे कापसाचं जिनिंग.

मशीन आजही कामाचं आहे. पण त्याची एक नस माहीत नसेल तर पैसा पाण्यात जातो. पडद्यावर प्रश्नचिन्हाचं फोल्डर लुकलुकलं की बहुतेक जण हार्ड डिस्क गेली असं धरून चालतात. या मॉडेलमध्ये बऱ्याचदा डिस्क शाबूत असते आणि तिला बोर्डाशी जोडणारी चपटी केबल गेलेली असते. डिस्क बदलली की आठवडाभर बरं चालतं, मग पुन्हा तेच फोल्डर, आणि नवी डिस्कही बोगस निघाली असा समज होतो.

कारण उघडल्यावर दिसतं. कागदासारखी पातळ ही केबल ॲल्युमिनियमच्या खोबणीतून जाते आणि दोन ठिकाणी काटकोनात दुमडलेली असते. मशीन उचलताना, पिशवीत टाकताना बॉडी किंचित वाकते आणि दुमड धातूच्या काठाला घासते. दहा-बारा वर्षांत आतले तांब्याचे तंतू चिरतात. जुनी फिरती डिस्क सावकाश चालते म्हणून चिरलेल्या केबलवरही कशीबशी निभावते. एसएसडी पूर्ण ६ गिगाबिटच्या वेगाने बोलायला लागली की तीच केबल दगा देते. ‘एसएसडी टाकली आणि मशीन बिघडलं’ ही तक्रार इथूनच येते.

तपासायला दुकान लागत नाही. डिस्क काढून यूएसबीच्या बाहेरच्या केसमध्ये बसवा, मॅकला जोडा आणि ऑप्शन कळ दाबून धरत सुरू करा. बूट करता येतील त्या डिस्कांची चित्रं येतात, त्यातली ही निवडा. बाहेरून मशीन नीट सुरू झालं आणि आत बसवल्यावर होत नसलं, तर दोष केबलचा. बाहेरूनही अडखळलं तर डिस्क किंवा सिस्टीम. मशीन कधी सुरू होत असेल आणि कधी नाही, तर स्मार्टची, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते ती, आकडेवारी दाखवणारं एखादं सॉफ्टवेअर टाकून क्रमांक १९९, म्हणजे यूडीएमए सीआरसी एरर काउंट, बघा. बहुतेक डिस्कांत तो मिळतो. वापरागणिक तो वाढत गेला तर डेटा वाटेतच खराब होतोय, म्हणजे केबल. क्रमांक ५, रिअलोकेटेड सेक्टर, वाढत असेल तर डिस्क खरंच म्हातारी झाली.

केबल घेताना मॉडेलसोबत वर्षही सांगा. ए१२७८ हाच क्रमांक आधीच्या वर्षांच्या मशीनलाही आहे आणि त्यांच्या केबली वेगळ्या आहेत. २०१२ च्या केबलवर ८२१-१४८० किंवा ८२१-२०४९ असं छापलेलं असतं. नागपुरात सीताबर्डीला चौकशी करावी, नाहीतर ऑनलाइन. वापरलेली केबल फुकट मिळाली तरी घेऊ नका.

बदलायला ००चा फिलिप्स आणि टी-६ टॉर्क्स एवढे दोनच स्क्रू ड्रायव्हर लागतात. खालच्या पत्र्याला दहा स्क्रू आहेत, सात आखूड आणि तीन लांब. लांब तीन बिजागरीकडच्या काठाला बसतात. काढाल तसे कागदावर त्याच जागी ठेवा. पत्रा निघाल्यावर पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर प्लॅस्टिकच्या पट्टीने सरळ वर उचलून सोडवणं. हे न करता आत हात घालू नका. डिस्कच्या बाजूचे चार टी-६ खिळे जुन्या डिस्कवरून नव्या डिस्कला लावायचे, नाहीतर ती जागेवर हलत राहते. जुनी केबल डिंकाने चिकटलेली असते, हळू सोडवा. तिच्याच टोकाला इन्फ्रारेड सेन्सर आणि झोपेचा दिवा असतो, त्यामुळे नवी केबल त्या पट्टीसकट घ्यावी. बसवण्याआधी ती जिथून जाते त्या ॲल्युमिनियमवर इन्सुलेशन टेपचा एक थर द्या. दुमडताना नखाने दाबून टोकदार घडी पाडू नका, गोलाई राहू द्या.

आता लाइनकडे. संध्याकाळी शेतातले पंप सुरू झाले की व्होल्टेज पडतं आणि त्याचा दोष मॅकवर येतो. मॅगसेफ चार्जर १०० ते २४० व्होल्टवर चालतो, कमी दाबाने त्याचं काही बिघडत नाही. धोका लाइन परत येताना असतो, तेव्हा झटका बसतो. लाइन गेली की चार्जर सॉकेटमधून काढा आणि आल्यावर चार-पाच मिनिटं थांबून लावा. बॅटरी बरी असेल तर काम थांबतही नाही.

चार्जर लावूनही त्याचा दिवा लागत नसेल तर चार्जर फेकण्याआधी त्याचं टोक भिंगातून बघा. पाच पिना असतात, मधली सर्वांत बारीक. ही मधली पिन मॅकशी बोलते, आणि ती आत अडकली तर मॅक चार्जिंग घेतच नाही. आपल्याकडच्या काळ्या मातीत लोहकण असतात आणि मॅगसेफचं चुंबक ते ओढून घेतं. पिनांभोवती काळी बुरशी धरल्यासारखी जी कडा दिसते, ती तीच. चार्जर सॉकेटमधून काढून कोरड्या टूथब्रशने साफ करा आणि अडकलेली पिन लाकडी काडीने हलकेच हलवून वर आणा. मॅकवरची खाचही तशीच पुसा. या मॉडेलला ६० वॉटचा पहिल्या पिढीचा मॅगसेफ लागतो. ८५ वॉटचा चालतो. मॅगसेफ-२ बसत नाही.

बॉडीला हात लावला की मुंग्या येत असतील तर अर्थिंग नाही. चार्जरचं छोटं डोकं काढून तीन पिनांची लांब वायर लावा. तरीही येत असतील तर घराचा अर्थिंगचा खड्डा बघा, उन्हाळ्यात तो कोरडा ठणठणीत पडतो. नवतपा लागायच्या आधी त्यात बादलीभर पाणी ओतणं हे मॅकचंही काम आहे.

मशीन अगदीच मेलेलं वाटलं तर डाव्या कडेचं छोटं बटण दाबा. बॅटरीचे हिरवे ठिपके लागले तर आत जीव आहे. मग एसएमसी, म्हणजे वीज, चार्जिंग आणि पंखा सांभाळणारी चिप, रिसेट करा: चार्जर लावून, मशीन बंद असताना, डाव्या बाजूच्या शिफ्ट, कंट्रोल, ऑप्शन या तीन कळा आणि पॉवर बटण दहा सेकंद एकत्र धरा, सोडा, मग नेहमीसारखं सुरू करा. चार्जिंग न घेणं आणि पंखा उगाच भरधाव फिरणं यावर हा उपाय लागू पडतो. प्रश्नचिन्हाच्या फोल्डरवर मात्र त्याचा काही उपयोग नाही.

सुरू होतानाचा ‘टण्ण’ आवाज आला पण पडदा काळा, तर खोलीत अंधार करून मोबाइलचा टॉर्च पडद्यावर तिरपा मारा. पुसट चित्र दिसलं तर मशीन सुरूच आहे, बॅकलाइट गेली आहे. बहुधा चहा-पाणी सांडल्याचा परिणाम. मिनी डिस्प्लेपोर्टवरून बाहेरचा मॉनिटर लावून डेटा काढून घ्या आणि बोर्ड दुरुस्त करणाऱ्याकडे द्या.

आवाजाऐवजी दर पाच सेकंदांनी एक बीप आली तर रॅम सापडत नाही. तीन बीप, थांबा, पुन्हा तीन बीप आल्या तर रॅम सापडली पण नापास झाली. दोन्ही पट्ट्या काढा, सोनेरी दात पेन्सिलच्या खोडरबराने पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापडाने. नंतर एकेक पट्टी दोन्ही खाचांत आळीपाळीने घालून बघा. एका खाचेत कुठलीच पट्टी चालत नसेल तर दोष बोर्डात आहे, नवी रॅम घेऊन फायदा नाही. रॅम डीडीआर-३, १६०० मेगाहर्ट्झ, लॅपटॉपची लागते.

सफरचंद येतं, खालची पट्टी अर्ध्यावर येऊन अडते, हा सिस्टीमचा किंवा डिस्कचा मामला. सुरू करताना शिफ्ट धरून सेफ मोडमध्ये, म्हणजे फक्त गरजेपुरती सिस्टीम चालते तिथे, न्या. तिथे उघडलं तर बंद करून परत साधं सुरू करा, बऱ्याचदा तेवढ्यानेच सुटतं. नाही सुटलं तर सुरू करताना कमांड आणि व्ही धरा. पांढऱ्या अक्षरांच्या ओळी धावतात, त्यात डिस्क-शून्यच्या (disk0) नावापुढे आय-ओ एरर (I/O error) पुन्हा पुन्हा आली तर केबलच्या परिच्छेदाकडे परत जा. प्रत्येक वेळी मशीन आपोआप सेफ मोडमध्येच जात असेल तर शिफ्ट कळ अडकली आहे. कापसाचे तंतू आणि धूळ कळीखाली जाऊन बसते.

सुरू करताना कमांड, ऑप्शन, पी, आर या चार कळा दुसरा ‘टण्ण’ ऐकू येईपर्यंत धरणं, म्हणजे एनव्हीरॅम (काही सेटिंग लक्षात ठेवणारी छोटी मेमरी) रिसेट, हा सगळ्यांचा आवडता उपाय. त्यानंतर कोणत्या डिस्कवरून सुरू व्हायचं हे मॅक विसरतो आणि दर वेळी रिकाम्या पडद्यावर ताटकळतो. सेटिंगमध्ये स्टार्टअप डिस्क पुन्हा निवडली की ते थांबतं. बाहेरचा साधा यूएसबी कीबोर्ड लावला असेल तर विंडोजची कळ म्हणजे कमांड, ऑल्ट म्हणजे ऑप्शन.

सुरू करताना कमांड-आर धरली की रिकव्हरी, म्हणजे डिस्कवरचा दुरुस्तीचा भाग, उघडते, तिथे डिस्क युटिलिटीत फर्स्ट एड चालवा. रिकव्हरीही नसेल तर ऑप्शन-कमांड-आर धरून इंटरनेटवरून येते. कॅटालिनाचं डाउनलोड साधारण ८ जीबीचं आहे. गावातल्या मोबाइल हॉटस्पॉटवर ते दिवसा लावू नका, रात्री उशिरा रेंज मोकळी असते तेव्हा लावा. हॉटस्पॉटची सुरक्षा डब्ल्यूपीए-२ वर ठेवा. त्याहून बरं, मशीन धड असतानाच १६ जीबीच्या पेनड्राइव्हवर इन्स्टॉलर करून ठेवा. इन्स्टॉल करताना ‘प्रत खराब आहे’ असा संदेश आला तर आधी तारीख बघा. बॅटरी पूर्ण उतरून मशीन पडून राहिलं की घड्याळ मागे जातं. ते सुधारायला रिकव्हरीतल्या टर्मिनलमध्ये टाइप करा: इंग्रजी डेट (date) शब्द, मग महिना, दिवस, तास, मिनिट, वर्ष, प्रत्येकी दोन अंक सलग. १५ जून २०२५, सकाळी साडेदहा म्हणजे ०६१५१०३०२५, अंक इंग्रजी.

फिरत्या डिस्कवर कॅटालिना चालवू नका. फाइली ठेवायची तिची एपीएफएस मांडणी एसएसडीसाठी आहे. फिरत्या डिस्कवर सुरू व्हायलाच इतका वेळ लागतो की लोक अडकलं समजून पॉवर बटण दाबून बंद करतात, आणि त्यातूनच फाइल सिस्टीम मोडते.

उन्हाळा हा या मशीनचा खरा वैरी. ॲपलने वापरासाठी सांगितलेलं तापमान १० ते ३५ अंश, आणि मे महिन्यात आपल्या टिनाखाली ३५ अंश सकाळीच ओलांडतात. त्यात कूलर. कूलरची हवा गार असते तशी ओलीही असते, आणि पाण्यातल्या क्षाराचे बारीक तुषार सोबत आणते. मशीन झोताच्या तोंडाशी ठेवलं की बोर्डावर पांढरट थर धरतो. झोताच्या बाजूला, भिंतीच्या आडोशाला ठेवा आणि खिडकी उघडी ठेवून ओल बाहेर जाऊ द्या. पंखा एकच आहे, तीन टी-६ स्क्रूंचा. वेचणीच्या दिवसांत दोन महिन्यांनी तो काढून बघावा. पात्यांच्या मागे, तांब्याच्या जाळीला कापसाची गादी जमलेली असते, चिमट्याने अख्खी निघते. पंख्यावर नुसती हवा मारली तर ती गादी जाळीत आणखी घट्ट बसते.

ट्रॅकपॅड दाबायला जड झालं तर उघडून बॅटरी बघा, फुगलेली असते. ती वापरायची नाही, टोचायची नाही, उन्हात ठेवायची नाही. बॅटरी काढून नुसत्या चार्जरवर मशीन चालतं, पण प्रोसेसर स्वतःची गती खूप खाली आणतो. तो मंदपणा म्हणजे सिस्टीमचा बिघाड समजून कुणी फॉरमॅट मारू नये.

जुनं घ्यायचं असेल तर १३ इंची २०१२ घ्या. १५ इंची २०११ स्वस्त दिसतं, पण त्याची ग्राफिक्स चिप बोर्डावरच खराब होते, ॲपलने २०१५ मध्ये त्यासाठी दुरुस्ती योजना काढली होती आणि ती केव्हाच बंद झाली. घेताना विक्रेत्यासमोर मशीन तीनदा पूर्ण बंद करून सुरू करा, आणि तिसऱ्या वेळी सुरू होत असताना डिस्क जिथे बसते त्या कोपऱ्याजवळ हलकेच दाबून बघा. अडखळलं तर केबलचे पैसे किमतीतून कापून घ्या.