एमजीबीसाठी हेडर निवडताना: बिडाचा मूळ मॅनिफोल्ड, आयात केलेला संच की पुण्यात घडवलेला?

जुनी एमजीबी, म्हणजे ब्रिटनच्या एमजी कंपनीची स्पोर्ट्स कार, दुरुस्त करून पुन्हा रस्त्यावर आणली आणि इंजिन मनासारखे चालू लागले, की बहुतेक मालकांच्या मनात पुढचा विचार येतो तो एक्झॉस्ट हेडरचा, म्हणजे इंजिनाचा धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या संचाचा. पुण्यात अशा गाड्या मोजक्याच असल्या तरी हा प्रश्न मला वर्षातून दोन-तीनदा विचारला जातो. माझे उत्तर आधीच सांगतो: हेडची पोर्टे (हवा-धुराच्या वाटा) आणि कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) मूळ स्थितीत असतील, तर हेच काम करणारा बिडाचा मूळ ओतीव मॅनिफोल्ड काढू नका.

याचे कारण इंजिनाच्या रचनेतच आहे. 1962 ते 1980 या काळात निघालेल्या एमजीबीच्या 1,798 सीसी बी-सिरीज इंजिनाला सिलिंडर चार असले, तरी एक्झॉस्टची तोंडे तीनच आहेत. पहिल्या आणि चौथ्या सिलिंडरला स्वतंत्र तोंड असून दुसऱ्या आणि तिसऱ्याचे तोंड सामाईक आहे. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, 1-3-4-2 असल्यामुळे दुसरा आणि तिसरा सिलिंडर एकमेकांपासून क्रँकच्या बरोबर एका पूर्ण फेऱ्याने पेटतात, आणि पहिला व चौथाही तसेच. म्हणजे मधल्या तोंडाचा धूर एका वाटेने आणि दोन्ही टोकांचा दुसऱ्या वाटेने नेला, तर कोणाचाही दाब कोणाच्या आड येत नाही. दोन कार्ब्युरेटरच्या गाड्यांवरील बिडाचा मॅनिफोल्ड नेमके हेच करतो. त्याची दोन तोंडे खाली दोन नळ्यांत उतरतात आणि त्या पुढे एकत्र येतात. बाजारात ‘लाँग सेंटर ब्रँच’ या नावाने मिळणारा नळ्यांचा हेडर हीच कल्पना अधिक लांब आणि गुळगुळीत वाटेने पुढे नेतो. त्यामुळे फायदा होतो, पण तो इंजिन वेगाने फिरत असताना आणि मोठे व्हॉल्व्ह किंवा अधिक उघडझाप देणारा कॅम असेल तेव्हाच नीट जाणवतो. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटर उंचीवर असल्याने हवेचा दाब इथे मुंबईपेक्षा सहा टक्क्यांच्या आसपास कमी असतो. 95 अश्वशक्तीच्या इंजिनाची काही अश्वशक्ती त्यातच जाते. ही तूट हेडरने भरून निघेल, अशी अपेक्षा ठेवून पैसे खर्च करू नयेत.

पुणेकराने ताकदीच्या आकड्यापेक्षा उष्णतेकडे अधिक लक्ष द्यावे, असे मी आग्रहाने म्हणतो. या इंजिनाचे एसयू बनावटीचे कार्ब्युरेटर एक्झॉस्टच्याच बाजूला, त्याच्या अगदी वर बसलेले असतात आणि दोहोंमध्ये असतो तो फक्त पत्र्याचा एक हीट शील्ड. एप्रिल-मे महिन्यांत विद्यापीठ चौकात दहा मिनिटे गाडी उभी राहिली, की फ्लोट बाउलमधले (कार्ब्युरेटरच्या वाटीतले) पेट्रोल तापून वाफाळू लागते. त्यात आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असल्याने हा त्रास अधिक लवकर सुरू होतो आणि मिश्रणही पातळ पडते. बीड सावकाश तापते आणि सावकाश निवते. पातळ भिंतीची उघडी नळी मात्र लगेच तापून आपली उष्णता बॉनेटखाली सोडू लागते. म्हणून हेडर लावायचाच असेल, तर सिरॅमिक कोटिंग हा चैनीचा भाग न मानता किमतीतच धरावा. नळ्यांना गुंडाळायची पट्टी स्वस्त पडते, परंतु आपल्या पावसाळ्यात ती ओल धरून ठेवते आणि तिच्याखाली साधे पोलाद गंजत जाते, त्यामुळे रोज न चालणाऱ्या गाडीवर मी ती कधीच सुचवत नाही.

साधे पोलाद की स्टेनलेस, या प्रश्नाचे उत्तर अनेकजण चकाकीवरून देतात. स्टेनलेस गंजत नाही, हा त्याचा खरा गुण आहे. मात्र 304 जातीचे स्टेनलेस तापल्यावर साध्या पोलादापेक्षा बरेच जास्त प्रसरण पावते. चाळीस सेंटिमीटर लांबीची नळी 500 अंशांनी तापली, तर साधे पोलाद अडीच ते तीन मिलिमीटर वाढते, तर 304 साडेतीनच्या आसपास. ही वाढ सामावून घेणारी जागा, म्हणजे सरकता जोड किंवा लवचीक तुकडा, रचनेत नसेल, तर ताण फ्लँजजवळच्या (इंजिनाला आवळायच्या जाड पट्टीजवळच्या) वेल्डवर येतो आणि पहिली भेग तिथेच पडते. खंबाटकी चढून गेल्यावर लगेच उतारावर ॲक्सिलरेटर सोडला, की नळ्या थोड्याच वेळात थंड होतात. असे चक्र वारंवार घडणाऱ्या गाडीवर मी सिरॅमिक लावलेले साधे पोलाद पसंत करतो.

आता ज्या गोष्टीकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते, तिच्याविषयी. बी-सिरीजवर इनलेट आणि एक्झॉस्ट हे दोन्ही मॅनिफोल्ड काही सामाईक स्टडवर, एकाच जाड वायसरखाली आवळले जातात. दोघांच्या फ्लँजची जाडी सारखी नसेल, तर वायसर तिरका बसतो. एक बाजू घट्ट होते आणि दुसरी नुसती टेकलेली राहते. माझ्या गाडीसाठी परदेशातून मागवलेल्या एका संचाची फ्लँज इनलेटच्या फ्लँजपेक्षा जवळजवळ एक मिलिमीटर पातळ निघाली. गाडी सुरू करताच इंजिनाकडून बारीक टिक-टिक ऐकू येऊ लागली. आधी मला वाटले टॅपेट (व्हॉल्व्ह हलवणारे भाग) ढिले आहेत. दोनशे किलोमीटरनंतर मॅनिफोल्ड उतरवला, तेव्हा गॅस्केटवर चौथ्या सिलिंडरपाशी काजळीची काळी जीभ बाहेर आलेली होती. विक्रेत्याने दाद दिली नाही. शेवटी लेथवर पायरीचे वायसर करून घेतले आणि तेव्हा कुठे आवाज थांबला. म्हणूनच संच हाती येताच सरळ पट्टी आणि फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पत्र्या) घेऊन फ्लँज सपाट आहेत का ते पाहावे, व्हर्निअरने जाडी मोजावी आणि मगच जुना मॅनिफोल्ड उतरवावा.

स्थानिक पर्याय इथे वजनदार ठरतो. भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत लेझरने फ्लँज कापणारे, मँड्रेलवर नळी वाकवणारे आणि उत्तम टिग वेल्डिंग करणारे कारागीर आहेत. फ्लँजची जाडी तुमच्या इनलेटशी तंतोतंत जुळवून घेता येते आणि भेग पडली तर त्याच हातांकडे परत जाता येते. मात्र जुन्या हेडरचे फोटो दाखवून काम देऊ नका. गाडी किंवा निदान हेड आणि इनलेट मॅनिफोल्ड तिथे न्यावा, फ्लँज जिगवर घट्ट बांधून वेल्ड करून घ्यावी आणि नंतर ती पुन्हा सरफेस करून, म्हणजे घासून सपाट करून, घ्यावी, कारण वेल्डच्या उष्णतेने फ्लँज वाकतेच. स्टेनलेस असेल, तर नळीच्या आतून आर्गॉन सोडण्याची अट आधीच घालावी; अन्यथा वेल्डची आतली बाजू खडबडीत आणि काळी राहते. लांबी आणि व्यास यांचा अनुभव मात्र इथल्या कारागिराला क्वचितच असतो. ती मापे जाणकाराकडूनच घ्यावीत.

कागदपत्रांचा विचारही यातच येतो. 2021 च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला ‘व्हीए’ क्रमांकाची व्हिंटेज नोंदणी मिळते, पण गाडी मूळ स्वरूपात जपलेली असावी, ही त्यातली अट आहे. ती नोंदणी घ्यायची असेल, तर मूळ मॅनिफोल्ड गाडीवरच असलेला बरा. हेडर लावला, तरी मूळ भाग भंगारात देऊ नका. तेल लावून, कापडात गुंडाळून कोरड्या जागी ठेवा. सायलेन्सर मात्र कोणत्याही परिस्थितीत काढू नये.

माझ्या स्वतःच्या गाडीवर सध्या मूळ बिडाचाच मॅनिफोल्ड आहे. तो सरफेस करून घेतला, हीट शील्डचे अस्तर नवे बसवले आणि इथेनॉल लक्षात घेऊन कार्ब्युरेटरच्या नीडल थोड्या अधिक पेट्रोल देणाऱ्या घातल्या. गेल्या मे महिन्यात कात्रजचा जुना घाट चढून वर पाच मिनिटे थांबलो आणि चावी फिरवताच इंजिन सुरू झाले. हेडर असताना त्याच जागी मला पंधरा मिनिटे बॉनेट उघडे ठेवून थांबावे लागले होते.