दगडी हत्यारं घडवण्याचा नवशिक्यांचा संच: काही महिने वापरल्यानंतर

संचात येतं ते असं: नदीतले दोन गोलसर हातोडा-दगड (एक साधारण ४०० ग्रॅमचा, दुसरा १५० चा), तांब्याची टोपी बसवलेला लाकडी ठोकणा, तांब्याच्या टोकाची दाबणी (कडेवर दाबून बारीक छिलके काढायला), मांडीवर घ्यायचं जाड चामडं, कड घासायला खरखरीत दगड, गॉगल, दोनेक किलो कच्चा माल आणि चार व्हिडिओ. निकाल आधीच सांगून टाकतो. हातोडा-दगड, चामडं आणि घासणी उत्तम. ठोकणा बदलावा लागतो. व्हिडिओ अर्धंच शिकवतात, आणि नेमकं अवघड अर्धं गाळतात.

व्हिडिओंपासून सुरुवात करू, कारण बहुतेक लोक त्यांच्यासाठीच पैसे मोजतात. कॅमेरा सगळा वेळ ठोका मारणाऱ्या उजव्या हातावर आहे. खरं काम डावा हात करतो. गाभ्याचा दगड (ज्यातून छिलके, म्हणजे पातळ धारदार तुकडे, काढायचे तो) किती कलता धरलाय, खालून बोटांचा आधार कुठे आहे, यावर छिलका निघणार की कड चुरणार हे ठरतं. ज्या सपाटीवर ठोका बसतो ती आणि जिथून छिलका सुटणार तो पृष्ठभाग, यांच्यातला कोन ९० अंशांपेक्षा कमी हवा. ७० ते ८० असेल तर काम सोपं जातं. कोन ९० च्या पुढे गेला की कितीही जोर लावा, दगड दाद देत नाही. ठोका अगदी कडेवर मारायचा नाही, पाच-सात मिलिमीटर आत मारायचा. आणि तोही अशा जागी, जिच्या खाली एखादा उभा कंगोरा उतरलेला आहे. छिलका कंगोऱ्याच्या वाटेने जातो. कंगोरा नसेल तर तो आखूड आणि रुंद निघतो.

दुसरी गाळलेली गोष्ट म्हणजे घासणं. जाणकार माणूस दोन ठोक्यांच्या मध्ये कड खरखरीत दगडावर आठ-दहा वेळा घासतो, पातळ पापुद्रा झाडून टाकतो, दगड उजेडात फिरवून बघतो आणि मग मारतो. व्हिडिओत ठोक्यामागून ठोका आहे, मधलं सगळं कापलंय. बघणाऱ्याला वाटतं, हे मनगटाचं कसब आहे. घासली नाही तर नाजूक कड ठोक्याखाली चुरते, जोर तिथेच जिरतो आणि छिलका सेंटिमीटरभर जाऊन अडतो. म्हणून हे व्हिडिओ आवाज बंद करून, निम्म्या वेगाने आणि फक्त डाव्या हाताकडे बघत पाहावेत. चौथ्या व्हिडिओत एके ठिकाणी संपादकाची कात्री चुकली आहे आणि घासण्याचे वीसेक सेकंद तसेच राहिलेत. पूर्ण मालिकेत सर्वात उपयोगी तेवढेच.

नुसतं बघून किती शिकता येतं, यावर चांगलं संशोधन झालेलं आहे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १८४ जणांना छिलके काढायला शिकवलं. काहींना फक्त तयार छिलके दाखवले, काहींना जाणकाराचं काम बघू दिलं, काहींची पकड हाताने दुरुस्त केली, काहींना खुणांनी आणि काहींना बोलून शिकवलं. नुसतं बघणाऱ्यांची प्रगती जेमतेमच झाली. खुणा आणि बोलणं आल्यावर फरक पडला. "इथे मार, तिथे नको" एवढं सांगणारं कुणी समोर असेल तर पहिले काही आठवडे वाचतात. संचात ती सोय नाही. व्हिडिओ कॉलवर तासभर मार्गदर्शन ठेवलं असतं तर किंमत रास्त म्हणता आली असती.

उलट बाजूही आहे. सांगितलेलं सगळं पाठ असलं तरी हात बसल्याशिवाय काही होत नाही. गुजरातमधल्या खंबातच्या अकीक (मण्यांसाठीचा कठीण रंगीत दगड) कारागिरांवर झालेला अभ्यास हेच दाखवतो. तिथे लोखंडी सळई जमिनीत तिरपी रोवलेली असते. अकीक तिच्या टोकाला टेकवून धरायचा आणि वरून म्हशीच्या शिंगाच्या हातोडीने ठोका द्यायचा. छिलका सळईच्या टोकापाशी सुटतो. मण्याला आकार कोणत्या क्रमाने द्यायचा हे कच्च्या कारागिरालाही माहीत असतं. कमी पडतो तो ठोक्यावरचा ताबा. कसबी कारागिराच्या हातात अकिकाऐवजी काच दिली तर तो ठोका लगेच हलका करतो, कच्च्याला ते जमत नाही. लांब मणी सफाईने घडवायला तिथे कित्येक वर्षं उमेदवारी करावी लागते. हातकुऱ्हाडीचंही (दोन्ही बाजूंनी छिलून केलेलं मुठीत धरायचं दगडी हत्यार) तसंच: ब्रिटनमधल्या एका अभ्यासात शिकणाऱ्यांना सरासरी १६७ तासांचं प्रशिक्षण दिलं होतं. संचाच्या खोक्यावर "वीकेंडला शिका" छापलंय, त्याकडे दुर्लक्ष करावं.

आता बिघाड. छिलका मध्येच काटकोनात तुटून पायरी उरली, तर ठोका हलका पडला किंवा कड घासली नव्हती. छिलका शेवटी बाहेर वळून गोल ओठ ठेवून संपला, तर ठोक्याची दिशा आत जाण्याऐवजी बाहेर गेली. पायरीवर पुन्हापुन्हा ठोकत बसू नये, प्रत्येक ठोक्यागणिक ती खोल होते. दगड फिरवून समोरच्या बाजूने तिच्या खालून जाणारा छिलका काढावा. पातळ होत आलेला लांब तुकडा मधोमध दुभंगला तर मांडीचा आधार नीट नव्हता, हादरा दुसऱ्या टोकापर्यंत गेला. इथे संचातलं चामडं खरंच कामाला येतं. चार घड्या घालून तुकडा पूर्ण लांबीभर टेकवायचा.

ठोकणा या साधनाबद्दलची तक्रार मात्र मोठी आहे. वजनासाठी तांब्याच्या टोपीत शिसं ओतलेलं आहे, आणि हे कुठेही लिहिलेलं नाही. दोन-तीन महिन्यांत टोपी चेपून कडेला चिरते आणि आतलं शिसं दिसायला लागतं. मग तो वापरूच नये. तसंही तांबं हे अश्मयुगातलं साधन नव्हे, मऊ ठोक्यासाठी शिंग किंवा कठीण लाकूड हवं. परदेशी व्हिडिओंत हरणाचं शिंग सर्रास दिसतं. आपल्याकडे सांबर-चितळाच्या शिंगांची खरेदी-विक्री कायद्याने बंद आहे, गळून पडलेल्या शिंगांचीसुद्धा. म्हशीचं शिंग घ्यावं, त्याचं भरीव टोक चांगलं काम देतं. दाबणी ठीक आहे, पण टोकाचं तांबं मऊ असल्याने सारखं वाकतं. इलेक्ट्रिकच्या दुकानात अर्थिंगसाठी आठ नंबरची तांब्याची तार मिळते. बोटभर तुकडा ऐरणीवर थंडाच ठोकून कडक करावा, कानशीने टोक काढावं आणि जुन्याच्या जागी बसवावा.

कच्चा माल चांगला आहे पण लवकर संपतो. दाबणीच्या सरावाला बाटलीचा जाड बूड पुरतो. दगड हवा असेल तर महाराष्ट्रात अडचण नाही, फक्त निवड जमली पाहिजे. जाळीदार किंवा पांढऱ्या ठिपक्यांचा काळा पाषाण टाकाऊ. बारीक पोताचा, ताजा, टिचकी मारल्यावर खणखणीत वाजणारा घ्यावा. तडा गेलेल्या मडक्यासारखा बद्द आवाज आला तर तिथेच सोडावा. मोठ्या हत्यारांना हा दगड चालतो, गोदावरी-प्रवरेच्या खोऱ्यातल्या नेवाशाजवळच्या चिरकीला पुराश्मयुगीन माणसाने असाच दगड वापरला. लहान पात्यांसाठी नद्यांच्या गोट्यांत मिळणारी गारगोटी बघावी, त्यातही कॅल्सेडनी आणि जॅस्पर. शिरूर तालुक्यातल्या इनामगावच्या ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची पाती कॅल्सेडनीचीच आहेत: आधी दोन्ही बाजूंनी छिलके काढून गाभ्यावर नागमोडी कंगोरा तयार करायचा, मग त्याच्या आधाराने पहिलं लांब पातं सोडवायचं. संचातल्या कुठल्याच व्हिडिओत ही युक्ती नाही. मात्र जुन्या स्थळांवर पडलेले दगड सरावासाठी उचलू नयेत. तुमच्या दृष्टीने जो कच्चा माल, तो पुरावा असतो.

सुरक्षेबद्दल माहितीपत्रकात फक्त गॉगलचा उल्लेख आहे. खरा धोका धुळीचा. गारगोटीची बारीक धूळ फुफ्फुसात साचून सिलिकोसिस होतो, खंबातच्या अकीक कामगारांमध्ये तो जुना आणि जीवघेणा आजार आहे. बंद खोलीत किंवा पंख्याखाली बसू नये. अंगणात, वारा पाठीवर घेऊन बसावं, कड घासताना दगड ओला ठेवावा आणि साध्या कापडी मास्कऐवजी एन-९५ लावावा. खाली ताडपत्री हवीच. छिलके ब्लेडइतके धारदार असतात आणि ज्या घरात लहान मूल रांगतं तिथे एकही मागे राहून चालत नाही. गोळा झालेला चुरा शेतात किंवा नदीकाठी फेकू नका, पुढे कुणाला तिथे अश्मयुगीन कारखाना सापडल्याचा भास व्हायचा. एका खड्ड्यात पुरा आणि तळाशी चालू वर्षाचं नाणं टाका.

पाचपैकी तीन. ठोकणा काढून, शिंगाचा तुकडा आणि आणखी दोन किलो दगड देऊन हाच संच विकला तर चार.