लहान वनस्पती-टाकीचा तळ: खाली माती घालावी की नुसती खडी?

१५ ते २० लिटरच्या टाकीत पाणवनस्पती लावायचे ठरले, की दिवा आणि फिल्टर यांचीच चर्चा अधिक होते. माझ्या मते मात्र पुढची निगा किती सोपी जाईल हे तळाशी काय घातले यावरून ठरते. मी दोन्ही प्रकार सांभाळले आहेत. चाळलेल्या मातीवर रेतीचा थर दिलेली टाकी मी सुमारे दीड वर्ष चालवली. बारीक खडीची टाकी आजही माझ्या टेबलावर आहे.

मातीचे पारडे हलके नाही. क्रिप्टोकोरीन, व्हॅलिसनेरिया यांसारख्या मुळांवाटे भरपूर अन्न घेणाऱ्या वनस्पतींना ती चांगली मानवते, आणि तिच्यातील सेंद्रिय अंश कुजताना कार्बन डायऑक्साइड सुटत असल्यामुळे वेगळे सिलिंडर न जोडताही सुरुवातीची वाढ जोमदार होते. माझ्या क्रिप्टोकोरीनची पाने लावल्यावर विरघळून गेली, जे तिच्या बाबतीत नेहमीचेच आहे. पण त्यानंतर फुटली तितकी तजेलदार पाने मला खडीत कधी मिळाली नाहीत. अर्थात हीच माती पहिल्या काही आठवड्यांत अमोनियाही सोडते आणि एवढ्याशा पाण्यात तो विरळ व्हायला वाव नसतो, म्हणून चाचणीत अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्यावर येईपर्यंत कोळंबी किंवा मासा सोडू नये.

माझ्यापुरता निर्णय झाला तो रोप काढताना उठणाऱ्या गाळामुळे. मोठ्या टाकीत लावलेले रोप महिनोन्‌महिने तसेच ठेवता येते. ३० सेंटिमीटर लांबीच्या टाकीत मात्र क्रिप्टोकोरीनचे फुटवे बघता बघता समोरच्या काचेला येऊन भिडतात आणि महिन्यातून एकदा तरी काहीतरी हलवावेच लागते. चिमट्याने बुंध्याशी धरून मी कितीही सावकाश ओढले, तरी मुळांच्या जाळ्याबरोबर मातीचा गड्डा रेती फोडून वर येई आणि क्षणात मागचे लाकूड दिसेनासे होई. पाणी दुसऱ्या दिवशी निवळे, पण तपकिरी गाळ मॉसच्या धाग्यांत अडकून बसे आणि तो मऊ कुंचल्याने झटकावा लागे. नळीने ओढून घ्यावा, तर त्याबरोबर रेतीही जाई आणि थर आणखी पातळ होई. रोप उपटण्याऐवजी बुंध्याशी कापून पाहिले, रेतीचा थर वाढवून पाहिला. त्रास कमी झाला, संपला नाही. शेवटी मी रोपांना हात लावणेच टाळू लागलो आणि टाकीत रान माजले.

खडीच्या टाकीत मी ॲनुबियास नाना, जावा फर्न आणि जावा मॉस घेतले. यांना अन्न पाण्यातूनच मिळते. पहिल्या दोघांचे आडवे खोड खडीत पुरले तर कुजते, म्हणून ते सुती दोऱ्याने लाकडाला बांधायचे. माझ्या टाकीत दोरा कुजून सुटेपर्यंत मुळांनी लाकूड घट्ट धरले होते. आता छाटणी करायची तर मी लाकूडच उचलून पाणी घातलेल्या ताटात ठेवतो, नको ती पाने कापतो आणि पुन्हा जागेवर ठेवतो. पाणी गढूळ होत नाही.

याची किंमत म्हणजे संयम. ॲनुबियासला नवे पान यायला कित्येक आठवडे लागतात, आणि पाने दीर्घकाळ टिकत असल्याने त्यांवर हिरव्या ठिपक्यांचे शेवाळ धरते. दिवा रोज सहा तासांवर आणून आणि ॲनुबियास लाकडाच्या सावलीत सरकवून मी ते आटोक्यात ठेवले आहे. द्रवरूप खत आठवड्यातून एकदा, बाटलीवर लिहिलेल्या मात्रेच्या निम्मे घालतो.

ज्यांना मुळांवर वाढणाऱ्या वनस्पतींची दाटी हवी आहे आणि एकदा केलेली मांडणी मोडायची नाही, त्यांनी माती जरूर वापरावी. ज्यांचा हात दर पंधरा दिवसांनी टाकीत जाणार आहे, त्यांना मी खडीच सुचवेन. पुढे क्रिप्टोकोरीनचा मोह झालाच, तर खडीत तिच्या मुळाशी खताची एक गोळी खोचता येते; माती मात्र एकदा घातली, की सगळी टाकी रिकामी केल्याशिवाय निघत नाही.