घडवावी की घासून काढावी? सुरी बनवायला शिकण्याच्या दोन पद्धतींची तुलना

हाताने सुरी बनवायला शिकायचे ठरवणाऱ्याला साधनांच्या यादीआधी एक निर्णय घ्यावा लागतो. पोलाद भट्टीत लाल करून ऐरणीवर हातोड्याने त्याला पात्याचा आकार द्यायचा, की पोलादाच्या तयार पट्टीवर आकार आखून नको असलेला भाग करवतीने, कानशीने किंवा बेल्ट ग्राइंडरने (फिरत्या घासपट्ट्याच्या यंत्राने) काढून टाकायचा? पहिली पद्धत घडाईची, दुसरी घासकामाची. दोन्हींतून उत्तम सुऱ्या बनतात. परंतु शिकणाऱ्याकडून त्या वेगवेगळ्या गोष्टी मागतात आणि त्याला शिकवतातही वेगवेगळ्या क्रमाने.

सुरुवातीलाच एक समज बाजूला ठेवलेला बरा. घडवलेले पाते घासून काढलेल्या पात्यापेक्षा मजबूत असते, असे आजही आग्रहाने सांगितले जाते. लोखंडात मळी राहत असे आणि कर्बाचे प्रमाण जागोजागी बदलत असे, त्या काळी वारंवार घडी घालून ठोकण्याला तसा अर्थ होता. आज बाजारात मिळणारी पट्टी कारखान्यात लाटूनच तयार झालेली असते आणि तिच्यातल्या घटकांचे प्रमाण सगळीकडे एकसारखे असते, त्यामुळे हातोड्याच्या घावांनी तिची प्रत वाढत नाही. उलट नवशिक्याने पोलाद जास्त तापवले किंवा फार वेळ आगीत ठेवले, तर त्याचे कण मोठे होऊन पाते ठिसूळ होते आणि पृष्ठभागावरचा कर्ब जळून तिथे धार टिकत नाही. पात्याचा कस प्रामुख्याने पोलादाची निवड, उष्णतेची प्रक्रिया (पाते तापवून तेलात बुडवणे आणि मग पुन्हा मंद तापवणे) आणि धारेची भूमिती, म्हणजे तिचा कोन व जाडी, या तीन गोष्टींवर ठरतो. त्यामुळे ‘चांगली सुरी कशातून होईल’ हा प्रश्न या निवडीत फारसा उपयोगी नाही.

घडाईचे खरे फायदे निराळे आहेत. पट्टी जाड असो वा गोल सळई असो, तिच्यातून हवा तो आकार काढता येतो. मुठीकडून टोकाकडे पाते हळूहळू पातळ करत नेणे ऐरणीवर सहज जमते आणि त्यात पोलाद वायाही कमी जाते. पुढे वेगवेगळ्या पोलादांचे थर जोडून नक्षीदार पाते करायचे असेल, तर घडाईवाचून मार्गच नाही. मात्र या सोयींची किंमत बरीच आहे. भट्टी, ऐरण, सांडशी आणि हातोडे लागतात, धूर व आवाज सहन करणारी मोकळी जागा लागते आणि मुख्य म्हणजे रंगावरून तापमान ओळखणारी नजर लागते. साध्या कर्बयुक्त पोलादावर साधारण ११०० अंश सेल्सिअसच्या आसपास, म्हणजे उजळ केशरी-पिवळ्या रंगावर, काम सुरू करावे आणि रंग मंद लाल होताच हात थांबवावा. त्याखाली ठोकत राहिल्यास पोलादाला चीर जाऊ शकते. शिवाय धारेची बाजू ठोकून पातळ केली की ती लांबते आणि सगळे पाते पाठीच्या दिशेने वाकते, म्हणून अनुभवी कारागीर आधीच पट्टीला उलट्या दिशेने बाक देऊन ठेवतात. अशा गोष्टी वाचून कळतात, पण अंगवळणी पडतात त्या शेजारी कोणी जाणता उभा असतानाच, कारण तापलेल्या पोलादावर विचार करायला मिळणारा वेळ फार थोडा असतो.

घासकामात वेळ शिकणाऱ्याच्या हातात असतो, आणि माझ्या मते हा या पद्धतीचा सर्वांत मोठा गुण आहे. लोखंड कापायची करवत, ड्रिल, दोन-तीन कानशी, पक्का शिकंजा आणि पॉलिश पेपर एवढ्यावर पहिली सुरी पूर्ण होते. धारेच्या कडेवर मध्यरेषा आखून घ्यावी, कानस एकाच कोनात चालावी म्हणून साधा मार्गदर्शक दांडा जोडावा आणि दोन्ही बाजूंचे उतार त्या रेषेपर्यंत सारखे उतरवावेत. काम कंटाळवाणे आहे, हे मान्यच करायला हवे. पण कानस एका फटक्यात इतके थोडे पोलाद काढते की चूक डोळ्यांसमोर हळूहळू घडते आणि वेळीच आवरता येते. बेल्ट ग्राइंडर हेच काम काही मिनिटांत करतो आणि पातेही काही मिनिटांतच बिघडवतो. पोलादाची आणि लाकडाची धूळ फुप्फुसांत जाऊ नये म्हणून चांगला मास्क दोन्ही पद्धतींत आवश्यक आहे. घासकामात तो क्षणभरही काढू नये. पोलादाच्या ठिणग्या आणि लाकडाचा भुसा एकाच धूळपेटीत साठू देणे म्हणजे आगीला आमंत्रण आहे.

दोन्ही पद्धतींची तुलना करताना सहसा निसटणारा मुद्दा असा की घडाई शिकणाऱ्याचे घासकाम टळत नाही. ऐरणीवरून उतरलेल्या पात्याला उतार, समरूपता आणि गुळगुळीतपणा कानशीने किंवा ग्राइंडरनेच द्यावा लागतो, मूठही तशीच बसवावी लागते. घासकाम शिकणाऱ्याला मात्र हातोडा कधीच उचलला नाही तरी चालते. म्हणजे घासकामात कमावलेले कौशल्य पुढे घडाईत पूर्णपणे वापरात येते.

उष्णतेची प्रक्रिया दोघांनाही चुकत नाही आणि सुरीचा खरा जन्म तिथेच होतो. १०८४ या क्रमांकाचे पोलाद नवशिक्यासाठी सोयीचे आहे, कारण त्यात सुमारे ०.८४ टक्के कर्ब असतो आणि कडक होण्यासाठी त्याला दीर्घकाळ एकाच तापमानावर धरून ठेवावे लागत नाही. सुमारे ७७० अंशांना पोलादाला चुंबक चिकटेनासा होतो. त्याहून थोडे वर, साधारण ८१५ अंशांपर्यंत, सारखे तापवून पाते कोमट तेलात बुडवायचे. तेल धातूच्या भांड्यात असावे, झाकण हाताशी असावे आणि पेट घेतल्यास पाणी मुळीच टाकू नये. पाते कडक झाले असेल तर कानस त्यावरून घसरते. त्यानंतर पाते साधारण २०० अंशांवर दोन-दोन तास असे दोनदा तापवले की ठिसूळपणा उतरतो. यापुढे धार घासताना ती निळी पडली, तर तिथला कडकपणा गेला असे समजावे.

घडाई करणाऱ्याकडे या कामासाठी भट्टी आधीच असते. घासकाम करणाऱ्याला ती छोटी का होईना उभारावी लागते किंवा पाते बाहेर पाठवावे लागते. स्टेनलेस पोलादाला हजार अंशांहून अधिक तापमान आणि नियंत्रित ओव्हन लागतो, म्हणून तिथे बाहेर पाठवणे शहाणपणाचे. साधे पोलाद वापरणाऱ्याने मात्र हा टप्पा स्वतःच करावा, नाहीतर कलेचा गाभाच शिकायचा राहतो.

प्रतिष्ठेचा विचार मनात असेल, तर दोन्ही बाजूंना मोठा वारसा आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरी-कारागीर बॉब लव्हलेस यांनी अमेरिकेत घासून काढलेल्या सुरीला मोठा मान मिळवून दिला. १९७६ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी या पाती घडवणाऱ्यांच्या संस्थेने घडाईची परंपरा जिवंत ठेवली. तिच्या परीक्षेत पात्याने लोंबता इंचभर जाड दोर एका घावात कापायचा, लाकडी फळी तोडायची, त्यानंतरही केस काढण्याइतकी धार शाबूत ठेवायची आणि शेवटी न मोडता नव्वद अंशांत वाकायचे असते. परीक्षा घडवलेल्या पात्याची असली, तरी तिचा निकाल बहुतांशी उष्णतेच्या प्रक्रियेवर आणि धारेच्या भूमितीवर लागतो.

ज्याला आग आणि हातोडा यांचीच ओढ आहे, ज्याच्याकडे जागा आहे आणि जवळपास शिकवणारा आहे, त्याने थेट घडाईकडे जावे. ओढ नसलेल्या कामात हात रमत नाही. बाकी सर्वांना, विशेषतः एकट्याने शिकणाऱ्यांना, मी घासकामाने सुरुवात करण्यास सुचवेन. पहिली सुरी साधी असावी: ३ मिलिमीटर जाडीची १०८४ ची पट्टी, ८ ते १० सेंटिमीटर लांबीचे पाते, मुठीच्या टोकापर्यंत अखंड जाणारे पोलाद आणि सपाट उतार. कडक करण्यापूर्वी धारेकडे सुमारे एक मिलिमीटर जाडी राखावी आणि मुठीची भोकेही तेव्हाच पाडून घ्यावीत, कारण नंतर साधे ड्रिल त्या पोलादात शिरत नाही.