कावानाकाजिमाचं चित्र घेताना मी फसले, तुम्ही चौकट उघडायला लावा

टोकियोत राहायला आल्यापासून मला सामुराईंच्या जुन्या, लाकडी ठशांनी छापलेल्या चित्रांचं वेड लागलं. जपानीत त्यांना मुशा-ए म्हणतात आणि उतागावा कुनियोशी हा त्यातला माझा सगळ्यात लाडका चित्रकार. १५६१ च्या कावानाकाजिमाच्या लढाईत उएसुगी केन्शिन हा सरदार घोडा घालून आपला प्रतिस्पर्धी ताकेदा शिंगेन याच्या छावणीत घुसतो आणि शिंगेन त्याचा वार हातातल्या युद्धपंख्यावर झेलतो, अशी आख्यायिका आहे. तोच प्रसंग असलेलं कुनियोशीचं तीन कागदांचं चित्र मला ऑनलाइन दिसलं. किंमत ८५ हजार येन.

विकणाऱ्याने सांगितलं, "आजोबांच्या संग्रहातलं आहे. चौकट उघडू नका, कागद फाटेल." मी ऐकलं. चित्रावर दोन सेन्सॉर अधिकाऱ्यांचे शिक्के होते. अशी जोडी साधारण १८४७ ते १८५२ या काळातल्या चित्रांवर असते, हे मी वाचलेलं होतं. तेवढ्यावर विश्वास ठेवून पैसे भरले. फोटोवरून छापताना शिक्केही जसेच्या तसे उतरतात, हे तेव्हा डोक्यातच आलं नाही.

घरी आणल्यावर चित्रावरच्या एका घडीवरून बोट फिरवलं. डोळ्यांना घडी दिसत होती, पण बोटाला लागत नव्हती. किडीचं भोकही तसंच, नुसता काळा ठिपका. मूळ चित्राच्या जखमासुद्धा छापल्या होत्या! भिंग धरलं तर सगळा रंग बारीक ठिपक्यांचा. हाताने छापलेल्या चित्रात रंग सलग बसतो.

पैसे परत मागितले. आधी "तुमचा गैरसमज झालाय" असं उत्तर आलं, मग काहीच नाही.

नव्याने ठसे कोरून हाताने छापलेल्या प्रतीही मिळतात. प्रत म्हणून विकल्या तर त्यात काही गैर नाही, पण त्यांच्यापुढे भिंग पुरेसं नाही. तिथे जाणकाराची नजरच लागते. म्हणून मोठी रक्कम असेल तर चौकट न उघडता चित्र घेऊच नका, आणि आधी कागदाच्या पाठीचा फोटो मागा.

नंतर जिंबोचो या टोकियोतल्या जुन्या पुस्तकांच्या भागातल्या एका जुन्या दुकानात मी माझे तीन कागद नेले. दुकानदार आजोबा काहीच बोलले नाहीत. त्यांनी एक खरं चित्र पालथं करून माझ्यापुढे ठेवलं. तुतीच्या सालीचा तो कागद मऊ होता, रंग मागपर्यंत झिरपला होता आणि बारेनने, म्हणजे छापताना कागद घासायच्या गोल गादीने, घासल्याच्या गोल खुणा उजेडात स्पष्ट दिसत होत्या. माझ्या कागदाची पाठ कोरी, गुळगुळीत होती.