पीजीए टूर २के२३ : आधी इंच, मग ब्रेक (खरीप ते रब्बी वापरल्यानंतर)

हा गोल्फचा व्हिडिओ गेम मी सोयाबीनची पेरणी आटोपल्यावर घेतला आणि आता हरभरा काढणीला आलाय. मधल्या काळात रात्री लाईन असेल तेव्हा, सेकंडहँड लॅपटॉपला कंट्रोलर लावून, नियमित खेळलो. लांब फटके, बंकर (वाळूचे खड्डे), वारा यांवर खूप जणांनी लिहिलंय. मी फक्त पटिंगबद्दल, म्हणजे ग्रीनवर (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर) बॉल घरंगळवत होलात घालण्याबद्दल लिहितोय, कारण एचबी स्टुडिओजनं बनवलेल्या या गेमचा जीव ग्रीनवर आहे असं माझं ठाम मत झालंय. तीनशे यार्डांचा ड्राइव्ह (सुरुवातीचा लांब फटका) आणि तीन फुटांचा पट (पटिंगचा फटका), स्कोअरकार्डावर दोन्हींचा एकेकच फटका लागतो.

ग्रीनवर पोचलं की पडद्यावर रेघांची जाळी येते आणि त्या रेघांवरून मणी सरकतात. मणी जिकडं सरकतात तिकडं उतार. जितके जोरात सरकतात तितका उतार कडक, आणि थांबलेले असतील तर जागा सपाट. सोबत होलपर्यंतचं अंतर फुटांत आणि होल बॉलपेक्षा किती वर किंवा खाली आहे ते इंचांत दिसतं.

बहुतेक जण आधी मणी बघून डावीकडं मारायचं की उजवीकडं ते ठरवतात, आणि इंचांकडं जाताजाता नजर टाकतात. माझं म्हणणं बरोबर उलटं आहे. आधी इंच बघा. बॉल किती वळणार (यालाच ब्रेक म्हणतात) हे नुसत्या उतारावर ठरत नाही, वेगावर ठरतं. हळू जाणारा बॉल उतारावर जास्त वेळ असतो, म्हणून जास्त वळतो. तोच पट जोरात मारला तर कमी वळतो. तेव्हा जोर पक्का झाल्याशिवाय दिशा ठरवण्यात काही अर्थ नाही.

जोराचा माझा हिशेब सरळ आहे : एक इंच चढाला एक फूट वाढवायचा, एक इंच उताराला एक फूट कमी करायचा. २० फुटांचा पट आहे आणि होल ४ इंच वर आहे, तर २४ फुटांचा समजून मारायचा. ४ इंच खाली असेल तर १६ फुटांचा. हा आकडा गेमपुरता नाही, खऱ्या ग्रीनलाही तो लागू पडतो. ग्रीनचा वेग, म्हणजे त्यावर बॉल किती सहज घरंगळतो ते मोजायला स्टिम्पमीटर नावाची खाच असलेली पट्टी वापरतात. एडवर्ड स्टिम्पसन यांनी ती १९३५ मध्ये तयार केली. आजची पट्टी ३६ इंच लांब असते. तिचं एक टोक हळूहळू उचलायचं, साधारण २० अंशांवर बॉल खाचेतून सुटून घरंगळतो, आणि सपाट ग्रीनवर तो जितके फूट जाईल तितका त्या ग्रीनचा स्टिम्प. स्टिम्प १० असेल तर घरंगळत्या बॉलचं गणित मांडल्यावर एक इंच चढ सुमारे १३ इंच अंतर खातो, म्हणजे जवळजवळ एक फूट. स्टिम्प १२ ला तोच इंच १५ इंचांचा होतो. म्हणूनच ग्रीन वेगवान ठेवलेल्या कोर्सवर मी इंचामागं सव्वा फूट धरतो. ज्याला हे गणित पटलं त्याचे लांब पट होलच्या आसपास थांबायला लागतात, आणि ज्या होलांवर तीन-तीन पट मारावे लागतात ते कमी होतात.

पण इंचांचा आकडा फक्त बॉल आणि होल यांच्यातला फरक सांगतो. मध्ये उंचवटा असेल तर तो या आकड्यात दिसत नाही. फरक शून्य दाखवतोय आणि वाटेत चार इंचांचा फुगवटा आहे, तर बॉल त्यावरून पलीकडं जाण्याइतका जोर लागेलच, आणि पलीकडं गेल्यावर तो स्वतःहून वेग घेईल. इथं मणी कामाला येतात. आमच्याकडं पाणलोटाच्या कामात ज्यांनी ए-फ्रेम (समपातळी शोधायची लाकडी चौकट) धरून समपातळी रेषा आखल्या, त्यांना हे सांगावं लागणार नाही : डोळ्याला सपाट दिसणारं वावर पाऊस पडल्यावर कोणत्या धुऱ्याकडं वाहतं, ते उभ्यानं बघून कळत नाही. ग्रीनचंही तसंच. बॉलमागचा कॅमेरा खाली असल्यामुळं उतार चपटा दिसतो. कॅमेरा होलपाशी नेऊन बघितल्यावर शेवटचा भाग उलगडतो.

आणि सगळ्यात जास्त लक्ष त्या शेवटच्या भागाकडंच द्यायचं. होलाआधीच्या पाच-सहा फुटांत बॉलचा वेग संपत आलेला असतो, त्यामुळं तिथला आडवा उतार त्याला सगळ्यात जास्त ओढतो. सुरुवातीला मणी कितीही धावत असले तरी तिथं बॉलमध्ये जोर असतो. माझा भाचा शेजारी बसून बघतो. एकदा मी डावीकडं मार्कर (नेम धरायची खूण) नेत असताना तो म्हणाला, "मामा, तिकडचे मणी त बॉलजवळ पयून रायले, होलपाशी त उलटे आहेत ना!" दहा वर्षांच्या पोराला एवढं दिसतं, म्हणजे या जाळीची मांडणी चांगली आहे.

पट मारण्याआधी बॉलची वाट दाखवणारा प्रीव्ह्यू एकदा मिळतो. तो आधी वापरू नका. स्वतः जोर आणि दिशा ठरवा, मार्कर ठेवा, आणि मग बटण दाबून तुमचा अंदाज ताडून बघा. आधीच दाबला तर फक्त रेघ गिरवणं होतं, वाचायला शिकणं होत नाही. काही आठवड्यांनी सेटिंगमध्ये जाऊन तो बंदच करा. जाळी मात्र मी बंद करत नाही. खरा खेळाडू ग्रीनवर चालतो, त्याच्या तळपायाला उतार लागतो. पडद्यापुढं बसलेल्याला मणी सोडले तर दुसरं काही नसतं.

हे सगळं जमू लागल्यावर माझा ग्रीनआधीचा फटकाही बदलला. अमेरिकेतल्या टीपीसी सॉग्रास या गोल्फ कोर्सचा १७ वा होल घ्या. पीट डाय यांनी आखलेलं, पाण्यानं वेढलेलं ते ग्रीन, १३७ यार्ड. बॉल कोरडा राहिला की हायसं वाटतं, पण ग्रीनला टप्पे आहेत. होल खालच्या टप्प्यावर आणि बॉल वरच्या टप्प्यावर थांबला, तर उताराचा पट हळू मारावा लागतो, हळू मारला की तो जास्त वळतो, आणि चुकला की लांब निघून जातो. होलच्या खालून, चढाचा दहा फुटांचा पट मला वरून असलेल्या पाच फुटांच्या पटापेक्षा कधीही चालतो : जोरात मारता येतो, कमी वळतो, आणि चुकला तरी होलच्या जवळच थांबतो. होलचा व्यास १०८ मिलिमीटर, वेगात आलेला बॉल त्याच्या कडेला लागून बाहेर फिरतो, ही भीतीही चढावर कमी. म्हणून आता ग्रीनकडं मारायची आयर्न (काठी) निवडतानाच मी होलच्या खालची बाजू कोणती ते बघतो.

नवीन घेणाऱ्यानं सुरुवातीला ग्रीनचा वेग कमी ठेवलेले कोर्स निवडावेत आणि तिथं इंचाला फुटाचा हिशेब हातात बसवावा. वेगवान ग्रीन त्यानंतर.